इंजिनाला नेसवलेलं सोवळं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, आणि चहाचे पेले खाली ठेवा. मागच्या खेपेला हे ऐकताना आमच्या शेजाऱ्यांनी चहा माझ्याच उपरण्यावर सांडला होता. घोटाळा माझ्या हातून झाला, आणि झाला तो साक्षात सासऱ्यांसमोर!

आमच्या कल्याणच्या घरामागं मी भात सडायची गिरणी घातली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. घासलेटवर चालणारं इंजीन! थेट विलायतेहून आलेलं! या इंजिनाच्या पोटात जाळ पेटतो, म्हणून त्याच्या अंगाभोवती सारखं गार पाणी खेळवावं लागतं. शेजारी एक लोखंडी टाकी. खालच्या नळीनं गार पाणी इंजिनात जातं, वरच्या नळीनं तापून परत टाकीत येतं. आणि हे तापलेलं पाणी आंघोळीला फुकट! चूल नको, लाकडं नकोत. आहे की नाही डोकं?

पण या नळ्यांच्या सांध्यांत चामड्याच्या चकत्या होत्या, आणि आमचे सासरे तात्या सोवळ्याचे कडक. राहायला ठाण्यात, नौपाड्यात, म्हणजे गाडीनं असे येतील. पण इंजीन आलं त्या वर्षी एकदा येऊन गेले, ते गेलेच. "चामड्याचं पाणी खेळतंय त्या घरात, आम्हाला नाही चालायचं," असा निरोप.

आमची ही तोंडानं काही बोलायची नाही. पण सणावारी पानं घेताना एक पाट जास्तीचा मांडायची, आणि थोड्या वेळानं स्वतःच उचलून ठेवायची. मला ते बघवत नसे हो.

आणि एके दिवशी निरोप आला! तात्यांचं कल्याणच्या कचेरीत काम होतं, गुरुवारी सकाळी लेकीला भेटून पुढं जाणार होते. हिचा चेहरा असा काही फुलला!

"अहो, तात्या इथं जेवून गेले पाहिजेत. मला दुसरं काही नको."

"जेवतील! नुसते जेवणार नाहीत, याच इंजिनाच्या पाण्यानं आंघोळ करून जेवतील!"

"अगं बाई, नको! पाणी मी चुलीवर तापवते. तुम्ही त्या दिवशी इंजिनाच्या वाटेला जाऊ नका, एवढं केलंत तरी पुष्कळ."

आता नवऱ्याला असं सांगतात का? मी तिथंच पेटलो. म्हटलं, इंजीन सोवळं करून दाखवीन तरच नावाचा!

बुधवारी सकाळी धोतराचा काचा मारला आणि टाकीचं खालचं बूच काढलं. बाहेर काय आलं म्हणता? पाणी नव्हेच, नुसता तांबडा गाळ! गंज, चिखल, कसली कसली पानं. धुतलं, पुन्हा धुतलं, तरी आतला गंज काही सुटेना. मग डोकं चाललं. तांब्याची भांडी कशानं लखलखीत होतात? आमसुलानं. मग इंजिनानं काय घोडं मारलंय? स्वयंपाकघरातली आमसुलाची बरणी आणली, उकळलं सगळं, ओतलं टाकीत आणि इंजीन चालू केलं. गंज सुटला हो! पाण्याबरोबर भराभरा बाहेर आला.

"अहो, वर्षाचं आमसूल होतं ते!" ही दारात उभी.

"तुला वडील जेवायला हवेत की आमसूल हवं?"

रिकामी बरणी उचलून ही आत गेली.

मग विहिरीचं ताजं पाणी. गड्यानं भरलेलं तात्यांना चालायचं नाही, म्हणून सगळ्या घागरी मीच शेंदल्या. हाताला फोड आले, कंबर धरली, पण थांबतो कोण! टाकी काठोकाठ भरली.

उरल्या त्या चकत्या. चामडं सगळं काढून फेकलं. पण त्याच्या जागी घालायचं काय? कापूस ओवळा. लोकर चालली असती, पण घरात होती ती एकच घोंगडी, तीही गड्याची. मग सोवळ्यातलं सोवळं ते काय? रेशीम! माझा जुना मुकटा सोवळ्याच्या दांडीवर दिसला. जेवायला बसताना नेसायचं रेशमी वस्त्र ते, त्याहून पवित्र काय असणार? कात्री घेतली, गोल गोल तुकडे कापले, सांध्यांत घातले आणि स्क्रू आवळले. सांगा बघू, सबंध मुंबई इलाख्यात रेशीम नेसलेलं दुसरं इंजीन होतं का?

गळायला लागलं, ही गोष्ट खरी. पण थेंब थेंब. मी घट्ट कणीक मळली आणि वरून थापून दिली. गळती बंद!

गुरुवारी सकाळी तात्या आले. लेकीकडे बघून त्यांचे डोळे भरले, हे मी पाहिलं. पण मी कुठला त्यांना बोलू देतोय! हात धरून थेट मागं नेलं.

"तात्या, चामड्याचा कण उरलेला नाही. बघा! ही खालची नळी, ही वरची..."

"जावईबापू, मी आत्ताच गाडीतून उतरतोय."

"म्हणूनच आधी आंघोळ!"

टाकीपाशीच पाट मांडला. इंजीन धडधडायला लागलं. पाणी कोमट झालं, तात्यांनी पहिला तांब्या अंगावर घेतला, ओठाला लागलं ते चाखलं आणि माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, हे पाणी आहे की सार?"

"आमसूल आहे तात्या. पित्ताला चांगलं!"

बिचाऱ्यांनी आणखी चार तांबे घेतले. पंचा गुंडाळला आणि लेकीला हाक मारली, "अगं, नेसायला काही ठेवलं आहेस ना?"

"ठेवलाय ना तात्या! आणते हं," असं म्हणत ही आत गेली.

इकडे माझं लक्ष वरच्या नळीकडे गेलं. थापलेली कणीक इंजिनाच्या तापल्या अंगाला लागून चांगली खरपूस भाजली होती. बघता बघता तिला तडा गेला, अख्खी भाकरी खाली पडली, आणि मागोमाग सांध्यातून जो फवारा सुटला तो नेमका तात्यांच्या छातीवर! पाणी अजून कोमटच होतं म्हणून बरं. मी धावत जाऊन इंजीन बंद केलं. तात्या डोक्यापासून पायापर्यंत निथळत होते आणि त्यांच्या खांद्यावर रेशमाचा एक गोल तुकडा येऊन चिकटला होता.

तेवढ्यात ही बाहेर आली, रिकाम्या हातानं.

"अहो, दांडीवरचा मुकटा कुठाय? तात्यांसाठी काढून ठेवला होता तो!"

"माझा जुना होता ना तो?"

"तुमचा गेल्या श्रावणातच फाटला! घरात तेवढा एकच होता."

तात्यांनी खांद्यावरचा तुकडा सोडवला आणि लेकीच्या हातावर ठेवला.

तिनं तो बघितला आणि रडायलाच लागली. आत पानं मांडलेली, वडील दारात आलेले, आणि नेसायला सोवळं नाही म्हणून जेवण नाही. या सगळ्याला कारण मी! जमीन दुभंगली असती तर मी इंजिनासकट आत गेलो असतो.

पण तात्या हसायला लागले. "रडू नकोस पोरी. ओलेत्यानं जेवलेलं चालतं, आणि माझ्याइतका ओला माणूस सबंध कल्याणात सापडायचा नाही. वाढ पान!"

आणि बसले हो! ओल्या पंचानिशी, कुडकुडत. हिनं शेजारी शेगडी आणून ठेवली. जेवले म्हणजे काय, भात दोनदा मागून घेतला.

मी धीर करून म्हटलं, "तात्या, निदान चामड्याचा विटाळ तरी गेला!"

"विटाळ?" तात्यांनी ताकाची वाटी खाली ठेवली. "अहो, आमच्या नौपाड्याच्या विहिरीवर चामड्याची मोट चालते! मागच्या वेळी आलो तेव्हा तुम्ही मला दुपारपर्यंत त्या इंजिनापाशी उभं केलंत. खालची नळी, वरची नळी. तसाच उपाशी गाडीत बसलो. आता जावयाला हे तोंडावर कसं सांगायचं? म्हणून काढलं चामड्याचं निमित्त."

ही पदर तोंडाला लावून हसत होती. आत्ता रडणारी बाई!

"मग आता येत जाल ना तात्या?"

"येईन की! जावईबापू गावाला गेले की कळवत जा."

आणि खरंच येतात. गेल्या महिन्यात मी इंजिनाच्या चकत्या आणायला मुंबईला गेलो, तर चांगले दोन दिवस राहून गेले. तेव्हापासून आमची ही रोज सकाळी त्या इंजिनाकडे मोठ्या मायेनं बघते आणि मला विचारते, "अहो, परत काही मोडलं का हो त्याचं?"