आडवी ठेवायची बाटली

दौलतरावांच्या नाकाची आदिलाबादच्या आबकारी कचेरीत ख्याती होती. एकतीस वर्षं ते तिथं कारकून होते. जप्तीचा माल आला, की साहेब आधी त्यांनाच हाक मारायचे, "दौलतराव गारू, जरा बघा." दौलतराव डब्याचं झाकण उघडायचे, लांबूनच एक श्वास घ्यायचे आणि सांगून मोकळे व्हायचे. ही मोहाची आहे. हा गुडुंबा आहे, गुळाची गावठी, आणि यातला गूळ करपलाय. महिन्याभरानं तपासणीचा कागद यायचा तो तेच सांगत यायचा. एवढं करून त्यातला एक थेंब त्यांच्या जिभेला कधी लागला नव्हता. नवे साहेब त्यांची थट्टा करायचे, की हलवायाच्या दुकानात उपास करणारा माणूस आहे. दौलतराव हसायचे नाहीत. माणूस सरळ होता, आणि सरळपणाचाही एक माज असतो, तो त्यांच्यात पुरेपूर होता.

त्याला कारणही होतं. त्यांचे वडील मोतीराम जैनथकडच्या एका गावात दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि संध्याकाळी गुडुंबा प्यायचे. एका सकाळी ते बांधावर पालथे सापडले. जवळ गेल्यावर जो वास आला तो पंधरा वर्षांच्या दौलतच्या नाकात कायमचा बसला. त्याच वर्षी त्यानं विहारात उभं राहून पंचशील घेतलं, आणि दारू न पिण्याच्या पाचव्या शिलाच्या वेळी त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पुढं नोकरी लागली, कॉलनीत घर झालं, कॉलनीतल्या विहारात दर रविवारी वंदना सांगायचा मानही त्यांच्याकडे आला. पोरंबाळं त्यांच्यामागं एकेक ओळ म्हणायची. पाचव्या ओळीला दौलतराव अजूनही आवाज चढवायचे.

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा अमरदीप हैदराबादेत हॉटेलचं शिकला आणि पोर्तुगालला गेला. तिथं पोर्तो नावाच्या गावाला नदीपलीकडं दारूची मोठमोठी जुनी तळघरं आहेत. तिथं आधी पिंपं लोटायला आणि मग आलेल्या पाहुण्यांना माल समजावून सांगायला तो लागला. दौलतरावांनी दोन वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं. फोन आला की ते बायकोच्या, ताराबाईंच्या हातात द्यायचे आणि वट्ट्यावर जाऊन बसायचे. वर तिला ऐकू जाईल असं म्हणायचे, "माहा बाप दारूनं मेला, मी जनमभर दारू पकडली, अन् माहा पोरगा दारू विकून राह्यला."

चार वर्षांपूर्वी जानेवारीत अमरदीप रजेवर आला तो एक बाटली घेऊनच. काळी, जाड काचेची, तिच्यावर १९९४ हा आकडा आणि एका अंगाला पांढऱ्या रंगाचा एक फटकारा. आपल्याकडं पोर्ट वाइन म्हणजे अशक्त बायकांनी चमच्यानं घ्यायचं गोड लाल औषध. दौलतरावांना वाटलं, तसलंच काही असेल.

"तसलं नाई बाबा," अमरदीप म्हणाला. "माह्या जन्माच्या सालची द्राक्षं हायेत यात. मी जेवढा, तेवढीच हे. मी मोठा होऊन राह्यलो, तशी हे बी आत मोठी होऊन राह्यली. एक घोट घ्या. मंग तुमी म्हनसान ते खरं."

"दारू म्हंजे दारू," दौलतराव म्हणाले. "माह्या तोंडाले ते लागनार नाई."

अमरदीप चिडला नाही. त्यानंच दौलतरावांना राग जास्त आला. ते उठून बाहेर गेले, आणि त्यांच्या माघारी मुलानं ती बाटली आईच्या लोखंडी कपाटात साड्यांच्या घडीवर आडवी ठेवली, पांढरी खूण वर करून. मग वडलांचाच फोन घेऊन त्यानं सहा मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवला. बाबांचं मन झालं आणि आपण इथं नसलो, तर कशी उघडायची ते त्यात सांगितलं.

आठव्या दिवशी नेरडीगोंड्याला मित्राच्या लग्नाला जाताना हायवेवर ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली. दवाखान्यातून आणल्यावर समोरच्या खोलीत, त्याच लोखंडी कपाटाच्या पुढ्यात, त्याला आडवं ठेवलं होतं.

त्यानंतर दौलतरावांच्या आयुष्यात एकच इच्छा उरली. तो घोट. पोरगा हात पुढं करून उभा होता आणि आपण उठून गेलो, हे त्यांना झोपू देईना. रोज सकाळी गच्चीवर बसून ते तो व्हिडिओ बघायचे. शब्दन् शब्द पाठ झाला. "एक दिवस आधी उभी करा, म्हंजे गाळ खाली बसते. बूच हळू काढा, म्हातारं झालं हाय ते. काचेच्या जगमंदी एका धारेनं वता, मांगून उजेड धरा, गाळ मानेपाशी आला का थांबा." आणि शेवटी, कॅमेऱ्याकडं बोट करून : "पन तोवर आडवी ठेवा. आडवी असली का बूच वलं राह्यते. उभी ठेवली तर बूच वायते, हवा आत शिरते, मंग चव जाते, वास जाते, निस्ती दारू उरते. तुमी म्हनता ते." इथं तो हसायचा. त्या हसण्यापाशी दौलतराव फोन बंद करायचे.

एवढी इच्छा होती तर चार वर्षं का थांबले? शील आडवं आलं. पन्नास वर्षं पाळलेलं व्रत एका घोटासाठी मोडायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेल्या सरळपणाला जमेना. रोज सकाळी ठरवायचे आणि दुपारपर्यंत माघार घ्यायचे. कोडगा माणूस. मेलेल्या पोरापेक्षाही त्याला आपला शब्द मोठा वाटत होता, आणि हे त्याला स्वतःला कळतही होतं.

या उन्हाळ्यात ताराबाईंच्या छातीत दुखायला लागलं. साखर तर आधीपासूनच होती. मे महिन्यात अमरदीपचा वाढदिवस दोन दिवसांवर आला तेव्हा त्याच म्हणाल्या, "अवो, ते उघडा आता. मी हाय तवर उघडा. पोरानं एवढ्या लांबून आनलं, अन् तुमी त्याले अजून बाहेरच उभं ठेवलं."

दुसऱ्या दिवशी दौलतरावांनी तिच्याकडं कपाटाची किल्ली मागितली. बायकोच्या कपाटात त्यांनी उभ्या जन्मात हात घातला नव्हता. दार उघडलं. वरच्या कप्प्यात अमरदीपचा शर्ट घडी करून ठेवला होता, आणि त्याच्या शेजारी ती बाटली उभी होती. पुसूनपुसून लखलखीत केलेली. पांढरी खूणही घासून काढलेली.

"तारा, हे उभी काऊन हाय?"

"मीच ठेवली."

"कवापासून?"

"त्याले नेलं त्या दिसापासून." ताराबाई पलंगावर बसल्या होत्या. "दार उघडलं का ते आडवी दिसे. पांढरा डाग वर करून. मले पाहावलं नाई. म्या उठवली तिले अन् उभी केली. रोज पुसतो. काऊन, काई होते का?"

तो व्हिडिओ ताराबाईंनी कधीच पाहिला नव्हता. पोराचा आवाज ऐकला की त्यांना श्वास लागायचा. दौलतरावांनी बाटली उचलून खिडकीपाशी धरली. आतला माल बाटलीच्या खांद्यापासून चार बोटं खाली उतरला होता. बुचावरच्या कागदाखालून चिकट ओघळ येऊन वाळला होता. चार उन्हाळे, आदिलाबादचे, पत्र्याच्या कपाटात.

"काई होत नाई," ते म्हणाले. "एक दिवस आधी उभी करा, असं त्यानंच सांगतलं हाय."

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी तीन वाजता त्यांनी समोरच्या खोलीत स्टूल मांडला. सरबताचा काचेचा जग ताराबाईंनी लख्ख धुऊन दिला, वर गाळायला पांढऱ्या मलमलीचं फडकं दिलं आणि स्वतः लुगडं बदलून समोर बसल्या. केसही विंचरले होते. इतक्या वर्षांत दौलतरावांनी तिला अशी बसलेली पाहिली नव्हती. त्यांनी कागद सोलला आणि बुचात स्क्रू घातला. बूच निघालंच नाही. त्याचा भुगा झाला, अर्धा स्टुलावर आणि अर्धा आत.

आणि वास आला. ताराबाईंना तो नुसता वास होता. दौलतरावांना मात्र तो पहिल्याच श्वासात ओळखू आला. करपलेला गूळ. ओलं पोतं. बांधावर पालथा पडलेला माणूस. चुकणारं नाक असतं तर किती बरं झालं असतं.

तरी त्यांनी सगळं पोरानं सांगितलं तसं केलं. खिडकीकडं तोंड केलं आणि मागून उजेड धरला. फडक्यातून एका धारेनं ओतलं. चहाच्या चोथ्यावर दुसऱ्यांदा पाणी घातल्यावर उतरतो तसला मळकट रंग काचेच्या जगमध्ये उतरला. गाळ मानेपाशी आला तसे ते थांबले. मग पेल्यात दोन बोटं घेतलं, मनातल्या मनात पाचव्या शिलाची क्षमा मागितली आणि घोट घेतला.

घसा जळला, नंतर कडवट लागलं, आणि नंतर काहीच नाही. अठ्ठावीस वर्षं त्या बाटलीत जे काय मोठं होत होतं, ते निघून गेलं होतं. नुसती दारू उरली होती. तुमी म्हनता ते.

"कशी हाय?" ताराबाईंनी विचारलं.

त्या पुढं झुकल्या होत्या. या घरात त्या बाटलीवर जीव लावला होता तो त्यांनीच, रोज पुसून, उभी करून. खरं सांगितलं असतं तर कशानं बिघडली हे त्यांनी विचारलं असतं, आणि दौलतरावांना उत्तर द्यावं लागलं असतं.

"गोड हाय," दौलतराव म्हणाले. "लय गोड हाय, तारा."

ताराबाई रडल्या. चार वर्षांत पहिल्यांदा आवाज काढून रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "म्या म्हनत होतो तुमाले. मले बी द्या बोटभर."

दौलतरावांनी जगच्या तोंडावर पंजा ठेवला. "तुही साखर पाह्यली का? याच्यात निस्ती साखर हाय."

"बोट बुडवतो फक्त."

"नाई म्हनलं ना," ते ओरडले. असे ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. ताराबाईंनी हात मागं घेतला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बरं. मंग तुमी प्या. सांडू नोका. रोज घोटभर घेत जा त्याचं नाव घेऊन."

घरात ती दारू असेपर्यंत ताराबाईंचं बोट कधीही तिच्यात बुडेल, हे दौलतरावांना कळत होतं. ओतून द्यावी तर ती विचारणार. म्हणून ते प्यायले. रोज दुपारी तीन वाजता ताराबाई पेला पुढं करायच्या, समोर बसायच्या आणि विचारायच्या, "तशीच हाय का?" दौलतराव म्हणायचे, "तशीच हाय." एकोणीस दिवस लागले. बापाच्या तोंडाला जो वास यायचा तो आता त्यांच्या तोंडाला यायला लागला. कॉलनीत कुजबुज सुरू झाली, की पोराच्या दुःखानं दौलतराव शेवटी बिघडले. ते त्यांनी ऐकलं आणि ऐकून घेतलं.

मधल्या एका रविवारी विहारात ते नेहमीसारखे पुढं उभे राहिले. तीन ओळी म्हटल्या. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. मागं पोरं वाट बघत राहिली. "घसा बसला," म्हणून दौलतराव खाली बसले, आणि हेही खोटंच होतं. पुढच्या रविवारपासून वंदना दुसरं कोणीतरी सांगतं.

विसाव्या दिवशी ताराबाईंनी रिकामी बाटली राखेनं घासली, उन्हात वाळवली आणि कपाट उघडलं. बराच वेळ त्या तिथंच उभ्या होत्या म्हणून दौलतराव बघायला आत गेले. अमरदीपच्या शर्टावर त्यांनी ती बाटली ठेवली होती. आडवी.

"पोरानं त्या दिशी अशीच ठेवली होती," त्या म्हणाल्या. "म्या उगाच उठवली. आता तुमी त्याचं ऐकलं, आता पाहावते मले." मग हळूच विचारलं, "अशीच ठेवाची होती ना ते?"

"हाव," दौलतराव म्हणाले. "अशीच."

ताराबाईंनी कपाट लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.