लाईनवरची अक्का

माणसाला चेहरा असतो ही गोष्ट आमच्या अक्काला आयुष्यभर नीटशी पटली नाही. तिच्या लेखी माणूस म्हणजे आवाज, आणि चेहरा म्हणजे त्या आवाजावर कुणीतरी उगाच चढवलेली टोपी. ती माझी चुलत बहीण, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. धुळ्यात राहते. पारोळ्याच्या एका लग्नात तिचे सख्खे व्याही समोर येऊन हात जोडून उभे राहिले, तर ही त्यांच्याकडे वाट चुकलेल्या वऱ्हाड्याकडे बघावं तशी बघत राहिली. "ओळखलं नाही का, अक्का?" असं ते बिचारे म्हणाले मात्र, हिचा चेहरा एकदम उजळला. "अरे देवा, तुम्ही! मग आधी बोलायचं ना!" म्हणजे चूक त्यांचीच. ते मुकाट्यानं उभे राहिले होते.

याचं मूळ तिच्या नोकरीत होतं. अक्का धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन लावून ती शिंदखेडा, दोंडाईचा, पारोळा, सगळीकडचे ट्रंककॉल जोडून द्यायची, आणि समोरच्यानं नंबर सांगायच्या आत तिला माणूस कळलेला असायचा. दोंडाईच्याच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याला तिनं म्हणे सांगितलं होतं, "शेट, दोन दिवस झाले खोकताय. आधी काढा घेऊन या, मग मुंबई लावून देते." शेटनी खरोखरच काढा घेतला. पुढे यंत्रं आली, फोन आपले आपण लागायला लागले, आणि अक्काला बिलाच्या खिडकीवर बसवलं. तिथं दिवसभर चेहरे बघावे लागायचे. ती सांगायची की नोकरीतली तेवढी वर्षं तिनं शिक्षा म्हणून काढली. खोटं बोलणारा माणूस ओळखायची तिची एक खूण होती. "खोट्याचा श्वास शब्दाच्या आधी येतो," असं ती डॉक्टरनं नाडीबद्दल बोलावं तशी सांगायची, आणि लहानपणी आम्ही पोरं तिच्यासमोर श्वास रोखून खोटं बोलायचा सराव करायचो. एकदाही जमलं नाही.

तिचा दुसरा नियम असा की ऑपरेटरनं आपण होऊन लाईन तोडायची नाही. निवृत्त झाली तरी नियम चालूच. एकदा शिंदखेड्याहून कुणीतरी खताचं दुकान समजून तिला फोन लावला. अर्ध्या तासानं त्याला योग्य दुकानाचा पत्ता, त्याच्या सुनेच्या बाळंतपणासाठी डिंकाच्या लाडवांचं प्रमाण आणि एका वधूची माहिती, एवढं सगळं मिळालं होतं. कर्ज विकणाऱ्या मुलींचे फोनसुद्धा ती आवडीनं घ्यायची. शेवटी त्याच थकून "आजी, ठेवू का मी?" असं विचारायच्या. यजमान गेल्यावर, आणि मुलगी नागपूरला संसारात अडकल्यावर, अक्काचं घर असं लाईनवरच्या माणसांनी भरलेलं होतं. मुलीनं तिचा जुना संगणक आईला आणून दिला, तेव्हा ती त्याच्यासमोरही ड्युटीवर असल्यासारखी पदर नीट करून, पाठ ताठ ठेवून बसायची.

मार्चमधली दुपार होती. नातीसाठी स्वेटरचा नमुना शोधताना तिनं कुठंतरी बोट दाबलं आणि सगळा पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला. एक ध्वनिमुद्रित बाई इंग्रजीत आणि मग हिंदीत सांगायला लागली की तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, तो बंद करू नका, केलात तर सगळी माहिती जाईल, ताबडतोब खालच्या नंबरवर बोला. नंबर ठळक अक्षरात होता. नंबर मिळाला की लावायचा, एवढं अक्काच्या हाडात होतं. तिनं लावला.

पलीकडे एक तरुण मुलगा होता. आवाज मऊ, घसा थोडा बसलेला. "घबराइए मत, मॅडम. मैं हूँ ना." अक्कानं कान देऊन ऐकलं. श्वास शब्दाच्या आधी येत नव्हता. हे तिनं मला नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं पूर्ण खबरदारी घेतली होती, स्वतःच्या पद्धतीनं. त्यानं सांगितलेला प्रोग्राम तिनं उतरवून घेतला, मग पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. त्यानं लाल फुल्यांची एक लांब यादी दाखवली आणि "ये सब चोर हैं, मॅडम" म्हणाला. अशी यादी चांगल्या संगणकातही असते, हे तिला कोण सांगणार? सफाईची फी म्हणून त्यानं तिच्याच हातानं बँकेचं पान उघडायला लावलं. मोबाईलवर आकडे येत गेले, ती ते वाचून दाखवत गेली, स्पष्ट उच्चारात, एकेक अंक सुटा करून, जशी पूर्वी ट्रंककॉलला सांगायची. मधेच तो म्हणायचा, "फोन मत रखिए, मॅडम." तो काय सांगत होता आणि कुणाला!

दोन तास ती लाईनवर होती. खालच्या मजल्यावरच्या नसीमभाभी, ज्या मुलींचा शिवणक्लास चालवतात, त्या ब्लाऊजची घडी द्यायला वर आल्या. अक्कानं हातानंच थांबा म्हणून खुणावलं. भाभींचं लक्ष पडद्याकडे गेलं. "अक्का, तुमचा हात तर इथं आहे. मग ते कोण चालवतंय?" भाभींनी पुढचं काही विचारलं नाही. भिंतीतला प्लग ओढून काढला, तिच्या हातातला फोन घेतला आणि कट केला.

संध्याकाळी भाभींनी मला जळगावला फोन केला आणि मग तो अक्काच्या हातात दिला. मी तिला काय म्हणालो ते लिहायची लाज वाटते. "अक्का, एवढं कसं कळलं नाही तुला?" ती नुसती हं म्हणाली. पुढच्या महिन्यात नाशिकला तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं होतं. ज्या ठेवीवर ते होणार होतं, ती त्या दुपारी मोडली गेली होती.

सकाळच्या एसटीनं मी धुळ्याला पोचलो. भाभींनी आदल्या दिवशीच आपल्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवलं होतं आणि सायबर हेल्पलाईनला तक्रार नोंदवली होती. त्या तासाभरात त्यांनी हातपाय हलवले म्हणून थोडा भाग वाटेतच अडकला आणि पुढे परत मिळाला. बाकीचा कुठल्या कुठल्या खात्यांतून पार झाला होता. संगणक दुरुस्तीवाल्यानं त्यातले फोटो वेगळे काढून सगळं पुसून पुन्हा भरलं. माझ्या फोनवरून आम्ही तिचे सगळे पासवर्ड बदलले. मग लेखी तक्रार घेऊन सायबर पोलिसांकडे गेलो. तिथले हवालदार वयानं मोठे होते, ओरडले नाहीत.

"आजी, कुठलीच कंपनी पडद्यावर नंबर देऊन आम्हाला फोन लावा म्हणत नाही. संगणक ओरडायला लागला की बटण दाबून धरायचं, बंद करायचा, बस. आणि आता पैसे परत मिळवून देतो म्हणणारे फोन येतील. तेही त्यांचेच."

"साहेब, मला ऐकून कळायला पाहिजे होतं," अक्का म्हणाली. "त्याला श्वासच लागत नव्हता."

"रोज तेच तेच बोलतात, आजी. कशाला लागेल?"

त्यानंतर तिनं फोन घेणं सोडलं. वाजायचा, ती बघत बसायची. मी लावला तर आधी अहिराणीत "कोण बोली राहिना?" आणि मग खात्री करायला आमच्या आजीचं नाव विचारायची. माझा आवाज तिला पुरेनासा झाला होता. मे महिन्यात मी जाऊन राहिलो, तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती आणि कुणाबद्दलच काही सांगत नव्हती. तिच्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मी तिथं असतानाच तो फोन आला. रिफंड विभागातून बोलतोय, आपली रक्कम मंजूर झाली आहे, फक्त एक प्रोग्राम उतरवून घ्या. मी फोन स्पीकरवर टाकला होता आणि कट करायला बोट पुढं केलं होतं. अक्कानं माझं मनगट धरलं. डोळे मिटले. त्याला पूर्ण बोलू दिलं.

"बेटा," ती म्हणाली, "मार्चमध्ये तू नाव दुसरं सांगितलं होतंस. तेव्हा घसा बसला होता तुझा. आता बरा आहे का?"

पलीकडे काहीच नाही. मागं मात्र बरेच जण एकदम बोलत होते, तीच वाक्यं, तोच मऊपणा. मग लाईन गेली.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अक्काला काहीच वाटलेलं दिसलं नाही. तिनं नंबर, वेळ, आवाजाची पट्टी, मागचा गलबला, सगळं कागदावर लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवशी हवालदारांना नेऊन दिलं. त्यांनी तो कागद फाईलला लावला. पुढे आजवर काही कळलेलं नाही. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "बठ्ठी पोरंच होती रे, सगळीच. एका खोलीत. बावीस-तेवीसची."

पावसाळ्यात नसीमभाभींनी तिला क्लासमध्ये बोलवलं. मी त्या दिवशी धुळ्यातच होतो. अक्का खुर्चीवर बसली आणि शिवणयंत्रं थांबवून बसलेल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना तिनं सगळं सांगितलं, लाल पडद्यापासून. आकडे आपणच वाचून दाखवले हेही सांगितलं. मी जे बोललो होतो तेही, माझं नाव न घेता. "घरचं माणूस रागवेल म्हणून गप्प बसू नका. पहिला तास गेला की सगळं गेलं." मागच्या रांगेतल्या एक बाई ओढणीत तोंड लपवून रडायला लागल्या. त्यांचेही पैसे असेच गेल्याला वर्ष झालं होतं, त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. अक्का खुर्चीवरून उठली, वेळ लागला, आणि जाऊन त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

ऑपरेशन अजून झालेलं नाही. तिला जमिनीवरून उठवायला मला आणि भाभींना, दोघांनाही हात द्यावा लागला. वरच्या मजल्यावर जायला तेरा पायऱ्या आहेत. सातव्या पायरीवर ती टेकली. मीही खालच्या पायरीवर बसलो, आणि पाऊस थोडा कमी होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.