मॅडमना सविनय, प्राचार्यांना प्रत

माझ्या मुलीच्या प्राध्यापिकेला मी आयुष्यात एकच ई-मेल लिहिला आणि दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी त्या बाईंकडून लेखी खुलासा मागवला.

हेतू वाईट नव्हता. (माझे हेतू कधीच वाईट नसतात, असं माझी बायको सुषमा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते आणि मग एक मोठा सुस्कारा सोडते.) मी मूळचा साताऱ्याचा, दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. सव्वीस वर्षं पत्रं लिहिण्यात गेली. कोणाला 'महोदय' लिहायचं, कोणाला 'प्रिय' लिहायचं आणि कोणाला पत्रच लिहायचं नाही, हे मला झोपेतही सांगता येतं.

त्या बुधवारी संध्याकाळी आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये मी चहा पीत बसलो होतो. शेजारी आमची कन्या इरा मोबाइलवर टाइप करत होती. इरा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय इतिहास. तिला एम.ए.साठी बाहेरच्या एका विद्यापीठात अर्ज करायचा होता. अर्ज भरून झाला होता, फक्त प्राध्यापकांचं शिफारसपत्र यायचं बाकी होतं. मुदत शुक्रवारी पाचची. पत्र नाही आलं तर अर्ज बाद! मी सहज तिच्या मोबाइलमध्ये डोकावलो.

"हाय सुनयना! लेटर फ्रायडेपर्यंत अपलोड होईल ना? थँक यू सो मच!"

चहा माझ्या नाकात गेला.

"सुनयना? ती काय तुझी आतेबहीण आहे?"

"बाबा, यार, त्यांनीच सांगितलंय, नावाने हाक मारा म्हणून."

"त्यांनी सांगितलं असेल. आपण ऐकायचं नसतं!"

आमच्या जॉइंट सेक्रेटरी साहेबांचं पाळण्यातलं नाव मला अजून ठाऊक नाही. (त्यांच्या घरच्यांनाही असेल की नाही, शंकाच आहे.) आणि ही कार्टी चक्क प्राध्यापिकेला 'हाय' करते, तेही काम असताना! मी लॅपटॉप ओढून घेतला.

"सरक. मी लिहितो."

"माझं ऐका," आतून सुषमा म्हणाली, "लिहू नका."

मी लिहिलं. तेही हिंदीत, कारण ऑफिसच्या हिंदी पखवाड्यातल्या निबंधस्पर्धेत मला दोनदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालंय. 'सेवा में, डॉ. (सुश्री) सुनयना मलिक, सहायक प्राध्यापक' अशी भारदस्त सुरुवात. मग: 'महोदया, उपर्युक्त विषय के संदर्भ में सविनय निवेदन है कि अनुशंसा-पत्र आज दिनांक तक अप्राप्त है। कृपया तत्काल आवश्यक कार्रवाई करें।' ('अनुशंसा-पत्र' म्हणजे आपलं शिफारसपत्र.) खाली इराचं नाव, वर्ग, हजेरी क्रमांक. आणि सगळ्यात शेवटी, जिथे कच्चा माणूस चुकतो आणि मी कधीच चुकत नाही, तिथे लिहिलं: 'प्रतिलिपि सूचनार्थ: १. विभागाध्यक्ष २. प्राचार्य.'

आमच्या ऑफिसात साहेबाच्या साहेबाला प्रत न पाठवणं म्हणजे शुद्ध उद्धटपणा. मी बाईंचा मान राखत होतो! कॉलेजच्या वेबसाइटवरून दोघांचे पत्ते शोधले आणि इराच्या ई-मेलवरून बटण दाबलं. इरा तोवर आंघोळीला गेली होती.

गुरुवारी दुपारी ती कॉलेजमधून आली ती रडतच.

"बाबा, काय पाठवलंत तुम्ही? सगळ्यांना वाटतंय मी सुनयनाची कम्प्लेंट केली!"

"कम्प्लेंट? अगं, 'सविनय' लिहिलं होतं."

"प्रिन्सिपलनी त्यांना फोन करून रिटन एक्स्प्लनेशन मागितलं! त्या सुट्टीवर आहेत, पानिपतला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे त्यांच्या. आणि आता फोनच उचलत नाहीयेत!"

म्हणजे ती बाई हॉस्पिटलात आईजवळ बसलेली आणि मी तिच्यावर 'तत्काल कार्रवाई' सोडलेली!

आणि बाई कोण, तर ही. पहिल्या वर्षी इरा वर्गात तोंड उघडत नसे. एकदा तर घरी येऊन म्हणाली होती, मला इतिहास सोडायचाय, सगळे माझ्यापेक्षा हुशार आहेत. तेव्हा या बाईंनी तिला महिनाभर रोज कँटीनमध्ये समोर बसवून एकेक पान वाचून घेतलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. आज आमची मुलगी जेवताना आम्हाला इतिहासावर भाषणं देते, ती त्यांची कृपा. त्यांचे उपकार मी असे फेडले होते, दोन प्रतींसह.

"उद्या पानिपतला जायचं," सुषमा म्हणाली. "माफी मागायला."

घर इराला माहीत होतं. मागच्या वर्षी बाईंनी वर्गाला रणभूमी दाखवायला नेलं होतं, तेव्हा सगळ्यांना घरी पराठे खायला घातले होते. मी कॅज्युअल लीव्ह टाकली. (कारण: 'घरगुती'. खरं कारण लिहिण्याजोगं नव्हतं.) टॅक्सी केली. सुषमाने डबाभर शंकरपाळे घेतले. मी ई-मेलच्या तीन प्रती काढून फाइलला लावल्या.

"फाइल कशाला?" सुषमा.

"लागली तर असावी."

पानिपतला निघालेल्या मराठी माणसाला जिंकून परत येण्याची तशीही फार खात्री नसते. हायवेवर मी मनात उजळणी करत होतो. मॅडम म्हणावं? प्राध्यापिकाबाई? डॉक्टरसाहेब? वयाने मोठ्या असतील, तर ताई?

"तुम्ही तोंडच उघडू नका," सुषमा म्हणाली. "तेवढं जमलं तरी खूप झालं."

दुपारी दोनला पोचलो. गल्लीत हातमागांची खटखट चालली होती. दार उघडलं ते एका मुलीने. केस वर बांधलेले, हातात कलथा. फार तर तिशीची. मी म्हणालो, "बेटा, प्रोफेसर साहिबा घर पर हैं?"

मागून इराने माझा शर्ट ओढला. "बाबा! याच सुनयना!"

ठरवलेली सगळी संबोधनं एकदम घशात अडकली आणि बाहेर पडलं ते एकच, "महोदया!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं आणि त्या खो खो हसत सुटल्या.

"अच्छा! तो 'प्रतिलिपि सूचनार्थ' आप हैं! मैं कल से सोच रही थी, इरा ऐसी हिंदी कब से लिखने लगी!"

मी अंगणातच माफी मागायला सुरुवात केली. ती 'उपर्युक्त'ने सुरू झाल्यावर सुषमाने मला कोपराने ढोसलं.

"अरे, छोड़िए," बाई म्हणाल्या. "प्रिन्सिपल साहब को लिख दिया कि देर मेरी थी, बच्ची की कोई गलती नहीं। और लेटर तो कल ही भेज दिया। अस्पताल की बेंच पर बैठके। फोन माँ के ऑपरेशन में साइलेंट पर किया था, फिर हटाना ही भूल गई।"

"भेज दिया?" इरा ओरडली आणि त्यांच्या गळ्यातच पडली.

ज्या दिवशी माझ्यामुळे खुलासा लिहावा लागला, त्याच दिवशी, त्याच बेंचवर बसून या बाईंनी माझ्या मुलीचं पत्रही लिहिलं होतं! माझ्या ऑफिसात एवढ्यावर माणूस फाइल तीन महिने दाबून ठेवतो. (मी स्वतः दाबलेली आहे.)

"पर मॅडम," मी कसंबसं म्हणालो, "बच्चे आपका नाम लेते हैं..."

"मैं ही कहती हूँ," त्या म्हणाल्या. "पहले साल यह मुझे मैम-मैम करके इतना डरती थी कि सवाल ही नहीं पूछती थी। जिस दिन नाम लिया, उस दिन पहला सवाल पूछा। आप भी सुनयना कहिए ना।"

मला मनापासून म्हणायचं होतं. 'थँक यू, सुनयना.' माझी मुलगी रोज म्हणते, त्यात काय अवघड आहे? मी तोंड उघडलं. "सु..." म्हणालो. पुढचं येईना. डोळे मात्र भरून आले. सव्वीस वर्षांत मला ज्याचा मसुदा कधी करावा लागला नव्हता, असं काहीतरी आत दाटून आलं होतं. शेवटी दुसरं काही सुचेना म्हणून मी, वय वर्षं बावन्न, फाइल काखेत मारून सरळ वाकलो आणि त्या तिशीच्या मुलीच्या पाया पडलो.

"अरे अरे, अंकल जी!" त्या दचकून मागे सरकल्या आणि हातातला कलथा खाली पडला. इराने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्या आवाजाने ओसरीतल्या खाटेवर झोपलेल्या त्यांच्या आई जाग्या झाल्या. डोळ्यांवर काळा चष्मा. लेकीच्या पायाशी कोणीतरी वाकलंय एवढंच त्यांना दिसलं असावं. हात वर करून त्या मोठ्या मायेने म्हणाल्या,

"कोई बात नहीं, बेटा। मन लगाकर पढ़। अगले साल पास हो जाएगा।"

मी म्हणालो, "जी."