कपाटरावांचं फिरतं घर

गल्लीत त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. उभा जन्म कपाटं बनवण्यात गेला, म्हणून ते कपाटराव. काम चोख, त्यात वाद नाही. पण कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे औषध एकच. पसारा झाला, कपाट. भिंतीला ओल आली, पुढ्यात कपाट. बायको रुसली, तर तिलाही एक कपाट.

दुकान कायमचं बंद केल्यावर त्यांनी आत पलंग आणि शेगडी असलेली जुनी व्हॅन घेतली. "आता जग बघायचं!" बायकोला जग नको होतं. तिला डोंगरापलीकडच्या धाकट्या बहिणीकडे जायचं होतं. बसमध्ये तिला ओकाऱ्या होत. स्वतःची गाडी असली की हवं तिथे थांबता येईल, एवढाच तिचा हिशोब. बहिणीची नजर अधू होत चालली होती. फोनवर ती म्हणे, "ताई, तुझा चेहरा दिसतोय तोवर ये गं."

पण निघायचं ठरलं की कपाटराव गाडीत नवं कपाट बसवायला घेत. कपड्यांना कपाट, भांड्यांना कपाट, अवजारांना कपाट, आणि या सगळ्यांच्या किल्ल्यांना एक छोटंसं, देखणं कपाट. सगळं अस्सल लाकूड. कुणी प्लायवूडचं नाव काढलं, तर आईवरून शिवी दिल्यासारखा चेहरा करत.

अखेर एकदाचे निघाले. गल्लीच्या टोकाला चढ लागला, गाडी धापा टाकू लागली आणि निम्म्यातच बसली. मग तशीच मागे मागे घरंगळत अंगणात आली.

"काय कपाटराव, जग बघून आलात वाटतं?" शेजारी खिडकीतून ओरडला.

"इंजिन म्हातारं झालंय," कपाटरावांनी निदान केलं. "ही विकू. नवी घेऊ."

नव्या गाड्यांच्या दुकानात विक्रेता कौतुकाने एका गाडीतलं न्हाणीघर दाखवत होता. कपाटरावांचं लक्ष पलंगासमोरच्या मोकळ्या भिंतीवर. त्यांनी खिशातून टेप काढली, भिंत मोजली आणि खुलून म्हणाले, "इथे मस्त बसेल."

काय बसेल, हे बायकोने विचारलंच नाही. "चला घरी," ती म्हणाली.

अंगणात आल्यावर तिने निकाल दिला. "गाडी ही राहील. कपाटं जातील."

"निघायची नाहीत गं. आत बसूनच जोडलीत. दारातून मावत नाहीत."

"वा! गाडीत कपाटं केलीत, की कपाटांभोवती गाडी बांधलीत?"

"तोडावी लागतील! एक खिळा नाही त्यात, नुसते सांधे! माझ्या हातून नाही होणार."

"मग माझ्या हातून होईल."

तिने पटाशी आणि हातोडी उचलली, आत शिरली आणि दिला घाव. पाठोपाठ दुसरा, तोही वाकडा. बाहेर कपाटराव डोळे मिटून दातओठ खात उभे. तिसऱ्या घावाला मात्र त्यांना राहवेना.

"अगं, लाकूड कापतेस की चेचतेस? पटाशी आडवी धर! आडवी! बाई, तू सरक बघू आधी."

ती लगेच सरकली. आत नीट, तालात ठोकाठोक सुरू झाली, तसा तिने अंगणातूनच बहिणीला फोन लावला.

"निघतेय गं. हो, याच गाडीने. आवाज होय? तुझे भावोजी गाडी हलकी करतायत."