देवीच्या नावावर केलेले उपवास

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा आई माझ्या पायांवरची चादर नीट करत होती.

“ॲनोरेक्सिया नर्व्होसा,” ते म्हणाले.

आईने विचारलं, “हे कशानं होते डॉक्टर? पाण्यानं?”

“नाही ताई. ही मुलगी जेवत नाही. बऱ्याच महिन्यांपासून.”

आई हसली. खरंच हसली. “उपवास आहेत न तिचे. नवरात्र सुरू आहे.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहत राहिले.

ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणजे भूक न लागणं, असा माझाही समज होता. तसं नसतं. भूक लागते, पण जाड होण्याची भीती भुकेपेक्षा मोठी होऊन बसते. आरशात जे दिसतं ते खरं नसतं आणि त्या वेळी ते आपल्याला पटत नाही. हा मानसिक आजार आहे, आणि त्यात हृदयसुद्धा थकतं. हे मला दवाखान्यात कळलं. तुमच्या घरात कोणाचे उपवास वाढत चालले असतील, तर तुम्हाला त्याआधी कळावं म्हणून लिहिते आहे.

मी यवतमाळला राहते. बाबा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी वऱ्हाडी. दोन्हीकडे मी कमीच बोलते. बारावीच्या सुट्टीत राळेगावला चुलत भावाचं लग्न झालं. लग्नाचा व्हिडिओ घरच्या टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहिला. मी पडद्यावर आले तेव्हा काकू म्हणाली, “पोट्टी भरली वं चांगली.” आई म्हणाली, “दोनदा ब्लाउज उसवा लागला.” सगळे हसले. मीही हसले. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्या आठवड्यात मी मोबाइलवर पहिल्यांदा बारीक कसं व्हायचं ते शोधलं. नंतर शोधावं लागलं नाही. एकापाठोपाठ एक रील आपोआप येत गेली. त्यांतली एक मुलगी मला फार आवडायची. माझ्याच वयाची असावी. पांढरं स्वयंपाकघर, खिडकीत तुळस, आणि दिवसभरात मी काय खाते हे ती हसत सांगायची. मी तिला कधी लाइक दिलं नाही, कमेंट केली नाही. पण सकाळी डोळे उघडले की आधी तिला पाहायचे आणि मग आरशात स्वतःला. ती इंग्रजीत बोलायची आणि मी कानात इअरफोन घालून ऐकायचे. आईला वाटायचं, पोरगी अभ्यास करते आहे.

आमच्या घरी ‘भूक नाही’ म्हटलं की दहा प्रश्न येतात. ‘उपवास आहे’ म्हटलं की एकही येत नाही. आधी सोमवार धरला. मग गुरुवार आणि चतुर्थी आली. फराळाचंही मी टाळू लागले. आईने साबुदाण्याची उसळ केली की म्हणायचे, जड जाते. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, “आजकालच्या पोरी कुठं करतात एवढं?” हे ऐकलं की मला लाज वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी मी आणखी कमी खायचे.

लक्षणं होती. जूनच्या उकाड्यात सगळे कूलरसमोर बसायचे, तेव्हा मी दुपट्टा गुंडाळून लांब बसायचे. केस कंगव्यात येत. चार महिने पाळी आली नव्हती. देवघरात जायला या मुलीला कधीच अडचण कशी येत नाही, हे कोणी विचारलं नाही. मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

नवरात्रात आई घट बसता-उठता एवढेच उपवास करते. मी जाहीर केलं की पूर्ण नऊ दिवस करणार. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

सहाव्या दिवशी दुपारी आई, काकू आणि मी एका मंडळाच्या देवीची ओटी भरायला गेलो. आमच्याकडे देवीची सजावट पाहायला गावोगावचे लोक येतात, त्यामुळे रांग लांब होती. ढोल वाजत होते. माझे हात थरथरायला लागले. मग मान, मग पाय. मी खाली बसले की पडले, आठवत नाही. डोळे अर्धवट उघडे होते आणि आवाज येत होते.

“अंगात आलं! देवी आली पोरीच्या अंगात!”

कोणीतरी कपाळभर कुंकू लावलं. एका बाईने माझे पाय धरले. “माय, माह्या सुनेची कूस उजवू दे.” दुसरी विचारत होती, नातवाला नोकरी कधी लागेल. मला सांगायचं होतं की मला दिसेनासं झालं आहे. जीभ हलत नव्हती. नजर वळली तेव्हा आई दिसली. तिनेही माझ्यापुढे हात जोडले होते.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिते. त्या क्षणी मला बरं वाटलं. इतके लोक माझ्याकडे पाहत होते आणि कोणीही मला जाड म्हणत नव्हतं.

रांगेतली एक बाई गर्दी सारून पुढे आली. “सरका वं बायांनो, मी नर्स आहो.” तिने मनगट धरलं. “अंगात गिंगात काही नाही आलं. हात बरफ झाले पोरीचे, नाडी लागून नाही राह्यली. ऑटो बोलवा!” एक म्हातारी तिला म्हणाली, “देवीले नर्स शिकवते!” नर्स म्हणाली, “देवीले नाही, तुमाले शिकवतो.”

दवाखान्यात ईसीजी काढला. नाडी फार मंद होती. याला ब्रॅडिकार्डिया म्हणतात. रक्तात पोटॅशियम कमी होतं, ते हायपोकॅलेमिया. पोटॅशियम कमी झालं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टर बाबांना म्हणाले, “उद्या आणली असती तर मी काही सांगू शकलो नसतो.” बाबा बाहेर जाऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून राहिले.

काकूने घरून तुपाचा शिरा आणला. वॉर्डातल्या नर्सने तो परत पाठवला. फार दिवस उपाशी शरीराला एकदम भरपूर खायला दिलं तर रक्तातले क्षार ढासळतात आणि जीव धोक्यात येऊ शकतो. त्याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून मला चमच्या-चमच्याने, वेळ लावून खायला दिलं जायचं आणि रोज रक्त तपासलं जायचं. घरी कोणाचं असं झालं तर प्रेमाने ताट भरून समोर ठेवू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

तिसऱ्या दिवशी मानसोपचार विभागाच्या मॅडम आल्या. त्यांनी आईला चहा प्यायला पाठवलं आणि मला विचारलं, “उपवास कोणासाठी करत होतीस?”

 मी मोबाइल उघडून ती मुलगी दाखवली.

मॅडम म्हणाल्या, “हे घरी तू सांगायचं. मी सांगितलं तर त्यांना हा माझा इंग्रजी रोग वाटेल. आणि तू नाही सांगितलंस तर घरी गेल्यावर पुन्हा सोमवार येईल.”

मला ते जमणार नव्हतं. आईला माझा अभिमान वाटावा असं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, असंच मला वाटायचं.

पाचव्या दिवशी सकाळी आई मला पेज भरवत होती. चमचा वाटीवर वाजत होता. तिचा हात थरथरत होता.

“आई, तू जेवली का?”

“जेवीन ना.”

“केव्हापासून नाही जेवली?”

पलीकडच्या खाटेवरची आजी म्हणाली, “तुह्यासाठी धरलाय तिनं. पोरगी चालत घरी येईस्तोवर अन्न नाही घेत म्हणते. चहावर आहे चार दिवसांची.”

मी तिच्या हातातून वाटी काढून घेतली. त्या थरथरीची मला ओळख होती. माझ्या खोट्या उपवासावर आईने खरा उपवास धरला होता, आणि तोही मोठा होत चालला होता.

“आई, माझे उपवास देवीसाठी नव्हते.”

तिला कळलं नाही. मी परत सांगितलं. सोमवार, गुरुवार, नऊ दिवस, सगळं. बारीक व्हायचं होतं म्हणून. मोबाइल तिच्या हातात दिला.

आईने तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मला वाटलं, ती ओरडेल. ती म्हणाली, “हिले कोणी जेवू घालत नाही का वं घरी?”

मग तिचा चेहरा बदलला. “देवीच्या नावावर खोटं बोलली तू माह्याशी. मी सगळ्यायले सांगत फिरलो.” ती उठून बाहेर गेली. मी छताकडे पाहत पडून राहिले.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात कँटीनमधली पोळी-भाजी होती. माझ्या खाटेवर बसून तिने पहिला घास मोडला. “मी बोललो होतो ना ते ब्लाउजचं,” ती ताटाकडे पाहत म्हणाली. “चारचौघांत.”  आम्ही दोघी जेवलो. मी चार चमचे, ती दीड पोळी.

बरं होणं सरळ झालं नाही. मार्चमध्ये मी पुन्हा घसरले, पुन्हा दोन दिवस भरती झाले. औषध सुरू आहे, महिन्यातून एकदा मॅडमकडे जाते. त्या मुलीला मी अनफॉलो केलं, पण तिच्यासारख्या दुसऱ्या येतच राहतात. कधी कधी मी पाहते. पाहिलं की आईला सांगते, असं ठरलं आहे. सगळं सांगत नाही. पण पाळी परत आली आहे आणि जिना चढताना धाप लागत नाही.

यंदा भाद्रपदात काकूकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पुरणपोळ्या, आंबील, सोळा भाज्या. पंगतीत एकीने विचारलं, “नवरात्राचे नऊ दिवस धरशील न यंदा? मागच्या साली तर देवी आली होती म्हणतात.”

आई माझ्याकडे पाहू लागली. ती काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होती.

“देवी नव्हती आली,” मी म्हणाले. एवढ्या बायकांत माझा आवाज मलाच नवा वाटला. “मला न जेवण्याचा आजार झाला होता. मी उपवास करत नाही.”

 कोणीतरी वाढणारीला कढी मागितली आणि बोलणी दुसरीकडे वळली. काकूची धाकटी मुलगी पूर्वा, दहावीतली, माझ्या शेजारी बसली होती. तिने पुरणपोळीचे तुकडे करून भाजीखाली सरकवले होते. मला विचारावं लागलं नाही.

थोड्या वेळाने ती अगदी हळू म्हणाली, “ताई, तो आजार आहे हे तुला कसं कळलं?”

माझ्या पानात अर्धी पोळी उरली होती. ती मी आधी संपवली. मग हात धुतले, पूर्वाला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.