वहीत न लिहिलेला खोडवा

“पावणं, माझा खोडवा उभ्याउभ्या वाळला की! तुमच्या मशीनला डोळं हाईत का न्हाईत?” हुपरीकडचे बाबालालचाचा वाळक्या उसाचं कांडं माझ्या टेबलावर आपटत म्हणाले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी प्रोग्रामर होतो. कुणाचा ऊस कधी तोडायचा, त्याची यादी माझा प्रोग्राम काढायचा. त्या हंगामाआधी तो प्रोग्राम पुण्याहून नव्यानं आलेल्या मेधाकडे गेला. सोबत मी तिला ऐंशी पानांचं डॉक्युमेंटेशन दिलं. म्हणजे प्रोग्रामला हात लावण्याआधी पुढच्या माणसानं वाचायची वही. त्या वहीची मला भारी मिजास होती.

मेधानं आणि मी प्रोग्रामचा छापील कागद उलगडला. एक ओळ गायब होती: प्रकार ‘के’ असेल, तर वयात चार महिने मिळवा.

“सर, ती मी काढली,” मेधा म्हणाली. “उसाचं वय उगाच वाढवलेलं. मला चूक वाटली.”

“अहो, के म्हणजे खोडवा!”

“खोडवा म्हणजे?”

मी तिला समजावलं. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. नव्यानं लावलेल्या, म्हणजे लागणीच्या उसाआधी तो तयार होतो, म्हणून ते जादा चार महिने. ओळ गेली आणि सगळे खोडवे यादीच्या तळाला गेले. मी वही चाळली. कुठली कळ दाबायची, टेप कशी चढवायची, सगळं होतं. खोडवा नव्हता. आमच्याकडे हे कोण लिहितं?

शेती अधिकाऱ्यांना मी सांगितलं, “साहेब, चूक माझी. हे वहीत हवं होतं.”

“हे काय लिवायला लागतंय व्हय? शेंबडं पोर सांगंल की! तिला घरी बसवा.”

“यादीवर तुमचीही सही आहे.”

“कॉम्प्युटरची यादी म्हणून केली! ती कोण वाचत बसतंय?”

मेधा प्रोबेशनवर होती. आठवड्यात तिला काढलं. मी राजीनाम्याची भाषा केली नाही. घरी दोन मुली होत्या. ती लाज अजून गेलेली नाही.

जाताना ती म्हणाली, “सर, मी विचारलं असतं हो. पण इथं विचारण्यासारखं काही आहे, हेच कळलं नाही.”

गावात सगळ्यांना ठाऊक असतं ते वहीत आधी लिहावं, एवढं मी शिकलो. त्याच दिवशी खोडव्यावर एक पान लिहून वहीला जोडलं. मेधाच्या जागी शिरोळचा माणूस आला. त्याच्या घरचाच ऊस होता. त्याला त्या पानाची गरजच नव्हती.