ओढ्यापलीकडची दुपार

साखरपुडा मोडून आमची मुलगी अंदमानला नोकरीला गेली, आणि ह्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मुलगा फुलंब्रीचा, ह्यांच्या नात्यातला. सोयरीक ह्यांनीच जमवलेली. त्यामुळे नकार सांगायलाही ह्यांनाच जावं लागलं. तिथं काय काय ऐकून घेतलं ते मला त्यांनी सांगितलं नाही. घरी आल्यावर पाणीसुद्धा मागितलं नाही. पुढं मुलीचा फोन आला की हे उठून बाहेर जायचे, आणि मी तिच्या आवाजावरून ती धड जेवते की नाही याचा अंदाज घेत बसायची.

अंदमानच्या पार उत्तरेला, समुद्रातूनच उठल्यासारखा एक डोंगर आहे. त्याच्यावर राखीव जंगल. तिथं झाडांना बिल्ले लावायचे, त्यांचे घेर मोजायचे, दरवर्षी किती वाढली ते बघायचं, असलं तिचं काम होतं. "झाडं मोजायला एवढं शिकवलं का?" असं हे एकदा भिंतीकडं बघून म्हणाले. तिच्याविषयी तेवढंच.

ह्यांची केंद्र सरकारची नोकरी. निवृत्ती जवळ आली तेव्हा ऑफिसातले बरेचजण एलटीसीची प्रवाससवलत घेऊन अंदमान करून आले होते. एक दिवस ह्यांनी तिकिटं आणून टेबलावर ठेवली. मुलीचं नाव त्यांनी घेतलं नाही, मग मीही घेतलं नाही. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, धपाटे असं मी भरत होते, तर हे म्हणाले, "एवढं कुणाला?"

"आपल्यालाच. बाहेरचं सोसत नाही तुम्हाला."

"व्हय," म्हणाले, आणि बॅगेची चेन स्वतः लावून दिली.

पोर्ट ब्लेअरहून उत्तरेला बसनं अख्खा दिवस लागतो. वाटेत खाडी आली की बस माणसांसकट तराफ्यासारख्या बोटीवर चढते आणि पलीकडं उतरते. शेवटी उतरलो तर ती उभी होती; मी तिला फोनवर कळवून ठेवलं होतं. केस कापलेले, रंग रापलेला, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. ती ह्यांच्या पाया पडली. हे "हं" म्हणाले आणि बॅगा मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आम्हाला जंगलात घेऊन गेली. आधी समुद्राच्या कडेनं दगडगोट्यांतून वाट, मग झाडी. झाडं इतकी उंच की शेंडा बघायला मान मोडावी लागे, आणि मुळं भिंतींसारखी उभी. वाटेत वनखात्याची चौकी लागली, तिच्या पुढं एक ओढा होता. घोट्याएवढं पाणी, तळाचे दगड दिसत होते. माझे गुडघे पुढं यायला तयार नव्हते, म्हणून मी चौकीतच थांबले.

"शिखर कितीक लांब आहे?" ह्यांनी चौकीदाराला विचारलं. मुलगी शेजारी उभी होती.

उत्तर तिनंच दिलं. "शिखरापर्यंत नको पप्पा. अर्ध्यात झरा आहे, तिथवर जाऊ."

हे ओढा उतरून गेले. ती भराभर पुढं झाली.

चौकीदार म्हातारा बंगाली होता. माझी हिंदी आमच्याकडच्या लष्करी छावणीच्या बाजारातली, त्याची बंगालीत बुडालेली. दर वाक्य दोघांनाही पुन्हा म्हणावं लागे. तरी दुपारपर्यंत आमच्या बऱ्याच गप्पा झाल्या. मग डोंगरावर अंधारून आलं आणि पाऊस सुरू झाला. जोर वरतीच जास्त असावा, कारण आमच्याकडं नुसती रिपरिप होती आणि ओढ्याचा आवाज मात्र वाढत चालला होता. बघता बघता पाणी गढूळ झालं. झाडाच्या फांद्या, मग एक आख्खा ओंडका खाली वाहत समुद्राकडं गेला.

आमच्या भागातल्या माणसाला पाण्याची ओढ काही कळत नाही. आमच्या नद्या वर्षातला बराच काळ कोरड्याच. ह्यांना पोहता येत नाही. शिवाय हा माणूस बंद फाटकाखालून सायकल काढणारा. थांबणं त्यांना ठाऊक नाही.

"दीदी पानी समझता है," चौकीदार म्हणाला. "नहीं उतरेगा."

"दीदी नहीं उतरेगी," मी म्हणाले, "पर उसके पप्पा?"

जो माणूस दोन वर्षं तिच्याशी शब्द बोलला नाही, तो आता तिचं ऐकेल कशाला? मी काठावर जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळानं समोरच्या झाडीत ह्यांचा पांढरा शर्ट दिसला. हे थेट पाण्याशी आले, वाकून पँट दुमडायला लागले. मी ओरडले, पण माझं मलाच ऐकू आलं नाही.

तेवढ्यात ती झाडीतून आली. काहीतरी बोलली. ह्यांनी मान हलवली. मग ती त्यांच्या आणि पाण्याच्या मधे येऊन उभी राहिली. हात धरला नाही, काही नाही. पाण्याकडं पाठ करून नुसती उभी. हे एका बाजूनं निघाले तर ती तिकडं सरकली. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी हे मागं फिरले आणि एका दगडावर बसले.

मीही जिथं होते तिथंच खाली बसले.

तिनं पाठीवरच्या पिशवीतून प्लास्टिकचा कागद काढला, दोघांच्या डोक्यावर धरला. मग डबा उघडला. हे खाताना दिसले. आणि मग बोलताना. ऐकू काही येत नव्हतं, पण ह्यांचे हात हलत होते. मनातलं बोलायला लागले की ह्यांचे हात असेच हलतात. ती त्यांच्याकडं वळून ऐकत होती. मधे एकदा तिनं डोळे पुसले; ह्यांनी तिच्या हातातला कागद आपल्या हातात घेतला.

पाऊस थांबला तरी ती त्यांना हलू देईना. ऊन तिरपं झालं, दगड पुन्हा दिसायला लागले, तेव्हा चौकीदार दोर घेऊन पाण्यात उतरला. हे तिच्या खांद्यावर हात ठेवून अलीकडं आले.

"मी केव्हाच आलो असतो," मला म्हणाले. "हिनं आडवलं."

"पप्पा, पाय बघा."

ह्यांच्या पोटरीवरून रक्त ओघळत होतं. जळवा लागल्या होत्या. "लई झाल्यात की," म्हणून ते ओट्यावर बसले आणि पाय तिच्या मांडीवर ठेवला. "काढ."

ती खाली मान घालून एकेक काढत राहिली. मी चौकीच्या मागं जाऊन पोटभर रडून घेतलं.

संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, "एवढं काय बोलत होता?"

"फुलंब्रीला काय काय झालं ते सांगितलं तिला."

"मला नाही सांगितलं ते."

"तुला सांगून तू काय करणार होतीस?" मग म्हणाले, "ती म्हणाली, मी सोबत यायला पाहिजे होतं पप्पा, तुम्हाला एकट्याला पाठवलं. मी म्हणलं, नाय, बरं झालं नाय आलीस. लई वाईट बोलले."

दुसऱ्या दिवशी कुठं जायचं नव्हतं. सकाळी दोघं समुद्रावर गेले. मला "चल" म्हणाले, पण मी नाही म्हटलं. खिडकीतून बघितलं तर ती पुढं, हे मागं, आणि ती मागं वळून काहीतरी दाखवतेय. मी पडदा ओढला आणि कित्येक दिवसांनी निर्धास्त झोपले. पार दुपारी जाग आली. कुणी उठवलं नव्हतं.